बॉनेटवरची जागा

"ए बाई, बहिरी आहेस का?"

मी मागं बघितलं नाही.

"तुलाच सांगतेय. हा डबा धर. घाटात सांडेल."

तरी मी मागं बघितलं नाही. मग खांद्यावरून एक हात आला आणि पितळी डबा माझ्या मांडीवर आदळला. झाकण निघालं. भाजीचा रस्सा लुगड्यावर सांडला.

"फुकट बसायचं आणि मिजास बघा," ती बाई म्हणाली. "आणि मघापासून काय गुलूगुलू चाललंय नवऱ्याशी? अहो ड्रायव्हर, बायकोला घरी ठेवायची भीती वाटते होय तुम्हाला?"

सगळी गाडी हसली. नवरीसुद्धा हसली.

लग्नाचं वऱ्हाड होतं. रत्नागिरीहून कोल्हापूरला परत निघालेलं. शहरातली माणसं. वकील, मास्तर, कचेरीतले साहेब. बोलणारी बाई नवरदेवाची मावशी होती. गाडी आंबा घाट चढत होती. दिवस बुडत आला होता.

मी बॉनेटवर बसले होते. त्या काळच्या बसगाड्यांचं इंजिन आतच असायचं, ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला. त्याच्यावरचा पत्रा म्हणजे बॉनेट. पत्रा इतका तापायचा की चौपदरी पोतं घातलं तरी मांड्या भाजायच्या. त्या भाजण्यानं मला काही वाटत नव्हतं. भीतीनं माझे पाय मात्र गार पडले होते.

मी गुलूगुलू करत नव्हते. मी माझ्या नवऱ्याला रस्ता सांगत होते.

"डावीकडं दगड. पुढं वळण. उजवीकडनं ट्रक येतोय. थांबा. हं, आता चला."

कारण त्यांना दिसत नव्हतं.

दिवसा दिसायचं. चांगलं दिसायचं. लांबच्या गाडीचा नंबर वाचायचे. पण ऊन उतरलं की त्यांचे डोळे जायचे. हे मला कळलं ते आदल्या थंडीत. दिवेलागणीला मी तांब्या पुढं केला तर त्यांनी पेल्याच्या बाहेर पाणी ओतलं. मी म्हटलं, लक्ष कुठं हाय? दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कसबा बावड्याच्या वाटेवर, साखर कारखान्याला निघालेल्या उसाच्या बैलगाड्यांची रांग होती, त्यातल्या शेवटच्या गाडीला त्यांनी घासलं. बैल वाचला. गाडीवानानं शिव्या दिल्या. घरी येऊन ते दाराआड बसले आणि म्हणाले,

"सांजंला डोक्यावर पोतं घातल्यागत हुतंय बघ."

"कवापास्नं?"

"लई दिस झालं."

"शेठास्नी सांगा की."

"सांगू? आन बिल्ला गेला म्हंजी?"

बिल्ला म्हणजे ड्रायव्हरच्या छातीवरचा पितळेचा नंबर. माणसं वाहून नेणाऱ्या गाडीवर त्याच्याशिवाय बसता यायचं नाही. दर रविवारी ते तो चिंच लावून घासायचे. आमच्या गल्लीत लोक ह्यांना नावानं हाक मारत नव्हते. ड्रायव्हरसाहेब म्हणायचे. हा माणूस शेतमजुराच्या पोटचा. दुसऱ्याच्या बांधावर वाढलेला. बिल्ला मिळाला तेव्हा ह्यांचा बाप सगळ्या गावाला दाखवत फिरला होता. म्हणून मी गप्प बसले.

गप्प बसणं मला सोपंच होतं. माझी शाळा चौथीपर्यंत. परक्या माणसापुढं माझा आवाज फुटत नसे. दुकानात गेले तरी बोटानं वस्तू दाखवायची.

मग आम्ही एक तोड काढली. ड्रायव्हरच्या घरच्या माणसाला बॉनेटवर बसून फुकट जाता यायचं. ती सवलत होती. ड्रायव्हर लोकांना गाडीच्या मालकाकडून, शेठकडून, अशा सवलती असत. दिवाळीला खाकी कापड. गाडी जिथं थांबेल त्या हॉटेलात फुकट जेवण, तेही मागच्या अंगाला, भांडी घासतात तिथं बसून. आणि बायकोला बॉनेट. मी म्हटलं, मला न्या बरोबर. मी बघते, तुम्ही चालवा.

चूक तिथंच झाली. आम्हाला ती चूक वाटली नाही. आम्हाला वाटलं आम्ही संसार वाचवला.

पहिल्या फेरीला मागं चाळीस माणसं. त्यात लेकरं. कुणी झोपलेलं, कुणी गाणी म्हणतंय. आणि ती सगळी माझ्या दोन डोळ्यांवर. मला पापणी मिटायला भीती वाटायची. शिंक आली तर जीव जायचा. घरी आलं की मी अंथरुणात डोळे मिटायची आणि आत पुन्हा रस्ताच सुरू व्हायचा.

महिन्याभरानं शेठनं क्लीनर काढून टाकला. म्हणाले, "तुझी बायको असतीया की. काच पुसंल, पानी वतंल." तेव्हापासून मी पाणी ओतायची, काच पुसायची, लोकांच्या ओकाऱ्या धुवायची. पण दिवस कलला की मला दुसरं काही करता यायचं नाही. मी समोर बघत बसायची. लोकांना वाटायचं ही बाई माजलीय.

तर त्या संध्याकाळी घाटात डबा माझ्या मांडीवर होता. रस्सा पायावर ओघळत होता. मी म्हणत होते, "डावं वळण. लई वळवा. आता सरळ."

मावशीबाई उठून पुढं आल्या. "अगं, मी माणूस आहे की कोण? बोलतेय तर इकडं बघावं माणसानं!"

आणि त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं फिरवलं.

त्यांच्या नाकातली नथ मला दिसली. मोती दिसले. एक लाल खडा होता. मी दोन बोटं मोजावीत इतकाच वेळ तो खडा बघितला असेल. मग मी मान हिसडली आणि समोर बघितलं तर काचेत एक बाई होती. डोक्यावर लाकडाची मोळी. अगदी समोर.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. ह्यांनी ब्रेक दाबला. मागची माणसं एकमेकांवर पडली. डबा उडाला. गाडी तिरकी होऊन दरीच्या कठड्याला टेकली आणि थांबली.

मी दार उघडून पळाले. लाकडं रस्ताभर पसरली होती. बाई खाली बसली होती. माझ्याच वयाची. कोपर सोलून रक्त येत होतं. बाकी धड होती. मी तिच्यापुढं बसले आणि हात जोडले. तिनं माझ्याकडं बघितलं. रडली नाही. ड्रायव्हरला शिवी दिली नाही. ती मलाच म्हणाली,

"बाई, तू म्होरं बसल्यालीस न्हवं? तुला दिसत हुतं की."

मी तिची लाकडं गोळा केली. मोळी बांधून तिच्या डोक्यावर दिली. ती निघून गेली. मागं वळून बघितलं नाही तिनं.

गाडीत मावशीबाई म्हणत होत्या, "असली गावंढळ माणसं रस्त्याच्या मधून चालतात." कुणीतरी म्हणालं, ड्रायव्हर प्यायलेला असणार. मी पुन्हा बॉनेटवर चढले. दुसरं काय करणार होते? चाळीस माणसं घाटात होती आणि अंधार पडत होता. कोल्हापूर येईपर्यंत मी बोलत राहिले. डावं, उजवं, थांबा, चला. घसा सुकून आवाज बसला तरी बोलत राहिले. पण कानात तिचाच आवाज होता.

आठ दिवसांनी शेठनं आम्हा दोघांना घरी बोलावलं. ह्यांच्या लायसनची मुदत संपत होती. माणसं वाहणाऱ्या ड्रायव्हरला ठरावीक वर्षांनी ते नवं करून घ्यावं लागायचं आणि त्याला डॉक्टरचा दाखला लागायचा. डोळे, कान, छाती सगळं तपासून. मला वाटलं, आता सगळं उघडं पडणार. मी घाबरले. आणि खरं लिहायचं तर मला बरंही वाटलं. कुणीतरी मोठा माणूस, शिकलेला माणूस, नाही म्हणेल. मला म्हणावं लागणार नाही.

शेठ झोपाळ्यावर बसले होते. आम्ही फरशीवर बसलो. शेठीणबाई सुपारी कातरत होत्या. शेठनं कपाट उघडून लायसन काढलं आणि टेबलावर ठेवलं. सगळ्या ड्रायव्हरांची लायसनं त्यांच्या कपाटात असायची. नोकरीला लागलं की आधी लायसन द्यायचं. "तुमी लोकं हरवता," म्हणायचे. खरं म्हणजे ते शेठच्या हातात असलं की ड्रायव्हर दुसऱ्या मालकाकडं जाऊ शकत नसे. वाटेत कुणी विचारलं तर शेठचं नाव सांगायचं. चालून जायचं.

त्यांनी एक कागद पुढं सरकवला. डॉक्टरची सही आधीच होती. ह्यांना कुणी डॉक्टरनं बघितलंच नव्हतं.

"हितं सही कर," शेठ म्हणाले. "डोळं बेस हायत म्हणून लिवलंय."

ह्यांनी पेनला हात लावला नाही. शेठ हसले.

"आरं घे की पेन. मला काय ठाव न्हाय व्हय? वरीस झालं ठाव हाय. बावड्याच्या गाडीवानानं हितं यीऊन बोंब मारलीती. तवाच म्हटलं, हेची बायको बसतीया बॉनेटवर, बसू दे. म्हणून तर क्लीनर काढला."

मला वाटलं फरशी हलली.

"जोडी झ्याक हाय तुमची," शेठीणबाई म्हणाल्या. "एक चालवतोय, एक बघतीया. बाकीच्या ड्रायव्हरांस्नी कुठं मिळतीया अशी सवलत?"

दोघं हसले. हे पण हसले. माझा नवरा पण हसला, मान खाली घालून. ते मी अजून विसरले नाही.

वर्षभर मी देवाला हात जोडत होते की शेठला कळू नये. आणि शेठला माहीत होतं. मी मांड्या भाजून घेत होते, ओकाऱ्या धुवत होते, शिव्या खात होते, आणि तो माणूस झोपाळ्यावर बसून हिशेबानं गप्प होता. गाडी कोसळली असती तर बॉनेटवरची मी पहिली गेले असते. मागोमाग ती चाळीस. आणि लोक म्हणाले असते, बायकोशी गप्पा मारत होता ड्रायव्हर.

ह्यांनी पेन घेतलं.

मी म्हटलं, "मी उद्यापास्नं बॉनेटवर बसणार न्हाय."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. बारीक निघाला. पण निघाला.

शेठ थांबले. "काय म्हणालीस?"

"बसणार न्हाय."

"मग गाडी कशी चालंल?"

मी उठले. टेबलावरचं लायसन उचललं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते बघत होते. आत ह्यांचा फोटो होता. कोवळा, मिशी नुकती फुटलेली, डोळे टक्क उघडे.

"ठेव ते खाली," शेठ म्हणाले.

"हे ह्यांचं हाय," मी म्हटलं.

एवढंच. दुसरं काही सुचलं नाही. लायसन पदरात घेतलं आणि बाहेर पडले. पायात चपला घालायच्या राहिल्या. शेठ मागून ओरडत होते की कोल्हापुरात तुझ्या नवऱ्याला कुणी सायकलसुद्धा चालवायला देणार नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत मी पळत गेले. मागं ह्यांची पावलं ऐकू येतात का बघत होते. बऱ्याच वेळानं आली.

घरी ते मला म्हणाले, "माझं हात तोडलंस तू." मग चार महिने बोलले नाहीत. सही केली नाही एवढं मात्र खरं. लायसनची मुदत संपली. बिल्ला त्यांनी स्वतःच्या हातानं काढून माझ्या पुढ्यात टाकला. ते दिवसा पिठाच्या गिरणीत दळण तोलायला लागले. मी खानावळीत भाकरी थापायला लागले. गल्लीतले लोक त्यांना नावानं हाक मारायला लागले. ते त्यांना शेवटपर्यंत लागलं. मी चुकले असं मला कधी वाटलं नाही. पण ते सुखात होते असंही लिहिणार नाही.

आता माझी मुलगी लग्नाची झालीय. मागच्या आठवड्यात तिला बघायला पाहुणे आले होते. मुलगा हुपरीकडचा. खासगी लक्झरी गाडीवर ड्रायव्हर. घरचा धंदा चांदीचे पैंजण घडवायचा, पण ह्याला गाडीची हौस. त्याच्या बापानं कौतुकानं सांगितलं, मालक चांगला आहे, कपडे देतो, वर्षातनं एकदा घरच्यांना फिरवून आणतो.

बायकांनी अशा वेळी आतच बसायचं असतं. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि परत गेले नाही. उभीच राहिले.

"पावणं," मी म्हटलं, "तुमचं लायसन कुठं असतंय?"

तो गोंधळला. बापाकडं बघितलं. मग हसून म्हणाला, "मालकाकडं. कपाटात. का ओ मावशी?"

मी त्याच्या पुढचा भरलेला कप उचलला आणि ट्रेमध्ये परत ठेवला.

"आधी ते घेऊन या," मी म्हटलं. "मग बसा."