आमचे खांब उपटले, बिघडलेली पोरं सुधारायला

मंडळी, आत्ताच मैदानावरून घरी आलोय. डोकं तापलंय, तरी लिहितोच.

फौजेतून निवृत्त झाल्यापासून मी सांगलीजवळच्या आमच्या गावात, शाळेच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवतो. आज संध्याकाळी गेलो, तर आमचे दोन्ही खांब उपटून कुंपणाशी टाकलेले. मैदानात क्रिकेटचं मॅट अंथरलेलं आणि वर भला मोठा फलक: 'तरुणांनो, खेळा, गुन्हेगारी टाळा!'

यात्रेत कोयता नाचवून रील काढणारी आमच्या गावची नररत्नं रांगेत उभी होती. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी त्यांना बॅटी दिल्या, नवे बूट दिले, खांद्यावर हात टाकून फोटो काढले. फोटो झाले तशी नररत्नं बूट पिशवीत घालून, बुलेटचे फटाके वाजवत निघून गेली. एकानंही चेंडूला हात लावला नाही.

मी सरपंचांना विचारलं, "माझ्या मुलींनी खेळायचं कुठं? जिल्ह्याची स्पर्धा आठवड्यावर आलीय."

ते हसले. "आवं मेजर, पोरी कुठं गुन्हा करत्यात? पोरं बिघडत्यात. आधी त्यास्नी सुधरू द्या की."

म्हणजे कोयता दाखवणाऱ्याला बूट, आणि दोन वर्षं अनवाणी पळणाऱ्या पोरींना कुंपणाबाहेरची वाट. धन्य ती अक्कल!

आमची कप्तान नववीत आहे. पडलेल्या खांबांकडं बघत ती शांतपणे म्हणाली, "सर, मैदान परत मिळवायचं तर आमी कुणाचं डोकं फोडायचं?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं? खरं सांगतो, एक नाव अगदी जिभेवर आलं होतं.