मशीनच्या नाकावरचं फडकं

धुळ्याच्या ऑफिसातून पारोळ्याजवळच्या एका गावात मी दर आठवड्याला जायचे, ते एक कागद बदलायला. हवा ओढून तिच्यातली काजळी पांढऱ्या गोल कागदावर धरणारं मशीन आम्ही तिथल्या आबांच्या घराच्या गच्चीवर बसवलं होतं. आबांचा ठाम दावा होता की गावाची हवा शुद्ध आहे, धूर काय तो हायवेवरच्या ट्रकांचा. हे ते अंगणातल्या धुमसत्या बंबाशेजारी उभं राहून, डोळे पुसत सांगायचे. त्यांच्या पत्नी, म्हणजे अक्का, आत खोकत चहा करायच्या. चहा फक्कड असायचा, म्हणून मी वाद घालत नसे.

उन्हाळ्यात कागद मातकट निघाला, पावसाळ्यात जवळजवळ कोरा. थंडीत तो काळा निघणार याची मला खात्री होती. वारा पडतो, गार हवा जमिनीला धरून बसते आणि चुलीबंबांचा धूर वर जायचं नाव घेत नाही. पण पौषातही कागद निघाला चक्क पांढरा. आबांनी मिशीला पीळ दिला. आमच्या साहेबांनी विचारलं, "मशीन चालू तरी केलं होतं ना?"

हे मला झोंबलं. पुढच्या खेपेला पहिल्या एसटीनं, न सांगता पोचले. धूर घरांच्या पत्र्यांवर गोधडीसारखा पसरला होता. गच्चीवर पाहते तर मशीनच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं, चार पदरी बांधलेलं. खाली अक्का खोकत बंबात कपाशीच्या वाळक्या काड्या कोंबत होत्या.

"अक्का, हे फडकं कुणी बांधलं?"

"मीच. बंब पेटाडाना येळले बांधस, ऊन पडनं का सोडी टाकस. तुमनं इतलं महागनं मशीन, त्याना नाकमा धूर जाई ना!"

मला हसू फुटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. इतके महिने मी मशीनचा श्वास वहीत लिहीत होते. या खोकल्याची एकदाही चौकशी केली नव्हती.

फडकं काढलं. पुढच्या आठवड्यात कागद तव्याच्या बुडासारखा काळा निघाला. अक्कांना दाखवला.

"ओ माय! बिचारानं कसं व्हई आते?" त्यांना काळजी मशीनची.

"अक्का, हे त्याचं आठ दिवसांचं आहे. तुमचं चाळीस वर्षांचं."

आबांनी कागद हातात घेतला आणि उजेडाकडे धरून पाहिला. त्या दिवशी हायवेचं नाव काढलं नाही.

आता बंब आबा पेटवतात, अक्कांना जवळ फिरकू देत नाहीत. आणि खोकत खोकत ट्रकवाल्यांना शिव्या घालतात.