मांडीखालचे हात

आमच्या रीडिंगच्या घरात, जिन्याजवळच्या भिंतीवर एक फोटो आहे. मी एका मुलीला भात भरवतोय. तिचं तोंड उघडं आहे, माझंही थोडं उघडं, भरवणाऱ्याचं होतं तसं. येणारा प्रत्येक पाहुणा तिथे थांबतो. "किती गोड," म्हणतो. मग विचारतो, "आता कुठे असते ही?" मी सांगतो, "शाळेत जाते." सहा वर्षं मी हे सांगत आलोय. ती शाळेत जाते की नाही, मला माहीत नाही.

हा फोटो ज्या बेटावरचा, तिथे मी माणुसकी म्हणून गेलो नव्हतो. आमच्या ऑफिसात समाजकार्यासाठी भरपगारी रजा मिळायची आणि ती घेतलेल्या माणसांकडे अप्रेझलच्या वेळी जरा प्रेमाने बघितलं जायचं. शिवाय मी थकलो होतो. सकाळची पॅडिंग्टनची ट्रेन, रात्रीची परतीची, मध्ये बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या कुणाच्या तरी चुकलेल्या कोडची धुणी. तीन आठवडे समुद्राजवळ जायला मिळतंय, एवढंच मनात होतं. घरी मात्र सांगितलं की, काही तरी चांगलं करावंसं वाटतंय. बायको म्हणाली, "कर की. सुरुवात डिशवॉशरपासून कर."

अनाथाश्रम छोटा होता. अपंग मुलं, स्थानिक बायका आणि आमच्यासारखे येणारे-जाणारे. चालवणारी बाई बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलातून निवृत्त झालेली थेरपिस्ट. सडसडीत, कमी बोलणारी. पहिल्याच जेवणाला तिने आम्हाला बाकावर बसवलं आणि म्हणाली, "हात मांड्यांखाली घ्या. दोन्ही." आम्ही हसलो. ती हसली नाही. "मुलं स्वतः खातात. सांडतील, रडतील, तुमच्याकडे बघतील. तुम्ही हातांवर बसून राहायचं. इथलं सगळ्यात कठीण काम हेच आहे."

खरंच होतं. शी-शू, आंघोळी, उचलून खुर्चीत बसवणं, हे सगळं मला जमलं. हातांवर बसणं जमेना.

माझ्याकडे जी मुलगी दिली ती नऊएक वर्षांची. हात-पाय तिचं ऐकायचे नाहीत, मान एका बाजूला जायची. तिच्यासाठी जाड मुठीचा, दांडा वाकवलेला चमचा होता. तो धरायला शिकण्यात तिचं वर्ष गेलं होतं. एक घास ताटलीतून तोंडापर्यंत यायला इतका वेळ लागायचा की मधल्या मध्ये मी माझ्या बँकेच्या कामांचा विचार करून यायचो. निम्मे घास खांद्यावर. पण पोहोचलेला प्रत्येक घास ती माझ्याकडे बघत चावायची.

बेटावरच्या शाळेची बस आश्रमाच्या फाटकाशी यायची. ज्या मुलांना स्वतःच्या हाताने जेवता येतं त्यांनाच त्या शाळेत घेत, कारण तिथे भरवायला कोणी नव्हतं. मी निघायच्या आदल्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका तिला जेवताना बघायला येणार होत्या. हे मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. म्हणजे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

इतरांचं आटोपलं तरी हिचं चाललेलं असायचं, म्हणून आम्हा दोघांना मागच्या व्हरांड्यात बसवत. तिथे आमच्याकडे कोणी बघायचं नाही. एका दुपारी उकाडा फार होता. चमचा तिसऱ्यांदा खाली पडला. मी तो उचलला नाही. वरण-भातासारखंच काहीसं होतं ताटलीत. मी ते बोटांनी कालवलं, छोटासा घास केला आणि माझ्या नकळत तोंडातून आलं, "हा घास चिऊचा."

तिला मराठी काय कळणार? पण सूर कळला. तिने घास घेतला आणि हसली, सगळ्या अंगाने हसली, खुर्ची हलली. मग काऊचा. मग माऊचा. पाच मिनिटांत ताटली साफ. मला पाहून असं कोणी शेवटचं कधी हसलं होतं, मला आठवत नव्हतं.

लोकांना मी नेहमी सांगितलं की मला तिची दया आली. आता लिहितोय तर नीट लिहितो. मला कंटाळा आला होता. आणि तिचं ते हसणं मला हवं होतं. रोज हवं होतं. रोज मिळवलं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मला येताना पाहिलं की ती मुठीतला चमचा सोडून द्यायची. तो फोटो त्याच दिवसांतला, एकदा व्हरांड्यात डोकावलेल्या, बरोबरच्या एका ब्रिटिश मुलीने काढलेला. तिलाही ते फार सुंदर वाटलं होतं.

मुख्याध्यापिका आल्या. मोठ्या टेबलापाशी बसल्या. मुलीपुढे ताटली, शेजारी चमचा. मी पाण्याचा जग घेऊन कोपऱ्यात उभा. तिने चमच्याकडे पाहिलं नाही. मला शोधलं, आणि तोंड उघडून थांबली. थेरपिस्ट बाईंनी चमचा तिच्या मुठीत दिला. तिने तो सोडला आणि पुन्हा तोंड उघडलं. पाहुण्या बाई चांगल्या होत्या, बराच वेळ थांबल्या. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघू." तेवढा वेळ मी जग धरून उभाच होतो.

नंतर थेरपिस्ट बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं.

"किती दिवस चाललं होतं?"

"थोडेच दिवस."

हातातला तो वाकवलेला चमचा त्या पुसू लागल्या.

"पुन्हा शिकेल ना ती?" मी विचारलं.

"शिकेल कदाचित. तुम्ही उद्या जाताय. ती नाही."

एवढं बोलून त्या आत गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत आलो तर फोटो ई-मेलने माझ्याआधी पोहोचला होता. बायकोने तो मोठा करून घेतला. मंडळाच्या गणपतीत, भाड्याच्या शाळेच्या हॉलमध्ये, तो पडद्यावर दाखवला. स्टॅनमोरहून आलेले एक काका माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तुमच्यासारखी मुलं आहेत, बरं वाटतं हो." मला दोन शब्द बोलायला लावले. मी म्हणालो, त्या मुलांनीच मला खूप दिलं. टाळ्या पडल्या.

गाडीत बायको म्हणाली, "स्वतःच्या पोरीला कधी एक घास भरवला नाहीस. फोटो मात्र छान आलाय."

मागच्या सीटवर आमची मुलगी झोपली होती, की झोपल्यासारखं करत होती.

तीच मुलगी यंदा ए-लेव्हल संपवून अशाच एका आश्रमात निघाली, दुसऱ्या बेटावर. रकसॅक भरताना म्हणाली, "बाबा, टिप्स दे ना. तू गेला होता ना."

मी तिच्या पलंगाच्या कडेला बसलो आणि सांगितलं. सगळं. चिऊ-काऊसकट. ती मोजे गुंडाळायची थांबली.

"मग तिचा शाळा झाला का? नेक्स्ट इयर?"

"माहीत नाही."

"म्हणजे? फोन नाही केला तू?"

"नाही."

"सिक्स इयर्स, बाबा." पुन्हा मोजे गुंडाळायला लागली. मग म्हणाली, "मी करू?"

"नको," मी फार पटकन म्हणालो. "मी करतो."

ती गेल्याला पंधरवडा झाला. रविवारी फोन करते. हातांवर बसून बसून बोटांना मुंग्या येतात म्हणाली, आणि हसली. शेवटी दर वेळी विचारते, "केला का, बाबा?" मी सांगतो, "लाइन लागत नाही."

लाइन लागते. परवा ऑफिसला दांडी मारून मी घरीच होतो. नंबर फिरवला. बराच वेळ वाजला, मग एका बाईने उचलला. बर्मिंगहॅमच्या बाई नव्हत्या, दुसरंच कोणीतरी. "हॅलो?" म्हणाली. मागे ताटल्यांचा आवाज येत होता, चमचे पडल्याचा, कोणीतरी ओरडल्याचा. तिकडे जेवणं चालली होती.

"हॅलो?" ती पुन्हा म्हणाली.

मी फोन ठेवून दिला.