बोर्येचा काळा थर

त्या किनाऱ्यावर गंजाशी उभा दावा कुणी मांडला असेल, तर तो बोर्ये सांदिनने. बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पडायची वेळ जवळ आली की आखाताकाठच्या गाड्या त्याच्या शेडपुढे येऊन उभ्या राहत. तो त्यांचा तळ धुई, गंज खरवडून काढी आणि वर काळ्या रंगाचा असा जाड थर चढवी की पत्रा कुठे संपला आणि बोल्ट कुठे सुरू झाला ते कळू नये. "मी रंगवलेल्या गाडीआधी तिचा मालक गंजेल," असं तो म्हणे. बायको निघून गेल्यावर त्याच्यापाशी एवढं नावच उरलं होतं.

गुनवोर त्याच्याकडे पहिल्यांदा तक्रार घेऊन आली ती डिसेंबरात. ती बटाटे लावायची, एकटी राहायची. शहरातल्या वृद्धाश्रमात तिची बहीण एल्सी होती. तिकडे बस जात नसे, म्हणून रोज दुपारी गाडीने जाऊन ती तिला भरवायची, कारण एल्सी दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नसे. परतताना काळोख असायचा. गाडीचा पुढचा दिवा मध्येच मंदावतो, पुन्हा लागतो, असं तिचं म्हणणं होतं. बोर्येने बल्ब बदलला. उबदार शेडमध्ये दिवा लख्ख पेटला.

ती पुन्हा आली तेव्हा कॉफीची वेळ होती आणि बाकावर गावातले चौघे बसले होते.

"चर्चच्या वळणावर इंडिकेटर लावला की दिवा डोळा मारतो, बोर्ये," ती म्हणाली.

"या वयात कुणी डोळा मारतोय, तर कुरकुर कसली करतेस, गुनवोर?"

चौघे हसले. हसू थांबेना तसा बोर्येला चेव आला. दिवे ठीक आहेत, म्हणाला, डोळे तपासून घे. तिने कोटाची बटणं लावली आणि ओतलेली कॉफी तशीच ठेवून गेली.

जानेवारी सरता सरता तिने किल्ली आणून दिली. गाडी विकून टाक, म्हणाली. समोर कुणी आलं आणि दिसलंच नाही तर? डोळ्यांच्या डॉक्टरने काय सांगितलं, असं त्याने विचारलं. ती गेलीच नव्हती. "तू सांगितलंस ना. तेवढं पुरे."

गिऱ्हाईक मिळायला महिना गेला. त्याला दाखवण्याआधी बोर्येने गाडी बाहेर काढली. रस्त्यावर बर्फाचा खारट राडा झाला होता. चर्चपाशी त्याने इंडिकेटर लावला, आणि डावा दिवा मंदावून इंडिकेटरच्याच ठेक्यात बर्फाच्या ढिगावर लुकलुकू लागला. बोर्येने गाडी कडेला घेतली. दोष काय तो त्याला तिथेच कळला. दिव्यातून गेलेली वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतते. ती वाट अडली की वीज शेजारच्या दिव्यातून चोरवाट काढते. अर्थिंग. गुनवोरने एका वाक्यात सगळं सांगितलं होतं, आणि त्याने त्या वाक्याची थट्टा केली होती.

शेडमध्ये त्याने बॅटरीच्या ऋण टोकाकडून थेट दिव्यापर्यंत एक सुटी वायर लावली. दिवा भरभरून पेटला. मग अर्थिंगची वायर जिथे पत्र्याला बोल्टने आवळली होती, तो बोल्ट त्याने काढला. खाली गंजाचा ठिपका नव्हता. होता तो काळा, गुळगुळीत, एकसारखा थर. शरद ऋतूत ही गाडी रंगवताना त्याने वायर सोडवून तिथेही रंग दिला होता आणि त्यावरच वायर परत आवळली होती. बोल्टच्या आट्यांतून कसाबसा जोड टिके. हादरा बसला, ओल शिरली की तुटे. बोर्ये त्या सुबक कामाकडे पाहत राहिला. कान तापल्यासारखे झाले. शेडमध्ये दुसरं कुणीच नव्हतं, तरी त्याने दार लावून घेतलं.

त्याने पत्रा चकचकीत दिसेपर्यंत खरवडला, वायर आवळली आणि गाडी घेऊन तिच्या घरी गेला. गुनवोर बियाण्याचे बटाटे निवडत होती. "दोष सापडला," तो म्हणाला. "माती." वायरमन आणि मेकॅनिक तिकडे अर्थिंगला मातीच म्हणतात. "दिव्याला माती मिळत नव्हती. तुझे डोळे चांगले आहेत."

"आणि माती का मिळत नव्हती?"

"गंज," तो म्हणाला.

तिने बटाटा खाली ठेवला. "तू रंगवलेल्या गाडीला?"

आपल्या रंगाखाली गंज होता, हे खोटं त्याच्या तोंडून पुढे निघेना. रंग, तो म्हणाला. माझाच रंग. मध्ये आला.

"म्हणजे मध्ये तू आलास," गुनवोर म्हणाली. त्यात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसेना. मग तिने कोट चढवला, किल्ली मागून घेतली आणि त्याला शेजारी बसायला सांगितलं. दिवा गेला तर तू असावास, म्हणाली.

दिवा गेला नाही.

वृद्धाश्रमात एल्सीच्या खोलीबाहेर तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. अर्धवट उघड्या दारातून गुनवोरचा आवाज येत होता. "मी गुनवोर. तुझी बहीण. जरा तोंड उघड बघू." मग चमचा ताटलीवर ठेवल्याचा आवाज. मग तीच वाक्यं, अधिक सावकाश.

एक परिचारिका ट्रे घेऊन बाहेर आली. एल्सीला नळीने भरवावं लागतं आता, ती सहज म्हणाली. बहीण येईनाशी झाली तेव्हापासून. तुम्ही घरचे का?

बोर्येने नाही म्हणून मान हलवली. मग कोण, ते ऐकायला ती क्षणभर थांबली होती. तो खाली बघत राहिला, ती निघून जाईपर्यंत.