शरणागतीचे विनोद आणि खंडेनवमी

न्यूझीलंडमधल्या 'ते रापा' या भागातल्या त्या कारखान्यात चीज किसून पाकिटांत भरलं जायचं. किसायचं आणि भरायचं काम यंत्रांचं. त्यातलं काय दुकानात जाईल आणि काय डुकरांच्या खाद्यात, हे ठरवायचं काम माझं. प्रयोगशाळा माझ्याकडे होती. चिंचवडला असताना मी हेच काम बिस्किटांसाठी केलं होतं, त्यामुळे नवीन फक्त वास होता.

२०१८ च्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जुलैत, दिवसपाळीची प्रमुख म्हणून एक फ्रेंच बाई आली. साधारण माझ्या वयाची, बुटकी, चालणं भराभर. तिला तीन महिन्यांच्या चाचणीवर घेतलं होतं. पहिल्याच आठवड्यात हात धुता धुता तिनं मला सांगून टाकलं, "कायम झाले तर व्हिसा टिकेल. व्हिसा टिकला तर मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष इथेच होईल. नाहीतर तिला मधेच उचलून परत न्यावं लागेल, आणि ती मला जन्मभर ऐकवेल." कोणी हवामान सांगावं तसं सांगितलं तिनं. मला बाई आवडली.

कारखान्याला मात्र ती आयती सापडली. फ्रेंच म्हणजे पळपुटे, फ्रेंच म्हणजे पांढरं निशाण, एवढंच सगळ्यांना पाठ होतं. कुणी तिच्या टेबलावर पांढरा टिशू पेन्सिलीला बांधून ठेवला. कुणी विचारलं, "फ्रेंच फोर्कलिफ्टला रिव्हर्सचे किती गिअर असतात?" ती म्हणायची, "हा मी शाळेत ऐकलाय, तेव्हा तो रणगाडा होता," आणि कामाला लागायची.

गंमत म्हणजे हे विनोद न्यूझीलंडचे नव्हतेच. ते अमेरिकेतून टीव्हीवर बसून आलेले. इथल्या माणसाला खरं तर फ्रेंचांची धास्ती असते, रग्बीपुरती. २०११ साली आम्ही नवीन होतो तेव्हा विश्वचषकाचा अंतिम सामना त्यांच्याशीच होता. आमचा शेजारी, सहा फुटी गडी, शेवटची काही मिनिटं बघवत नाहीत म्हणून अंधारात बागेत जाऊन उभा राहिला होता आणि बायको खिडकीतून त्याला ओरडून हाल सांगत होती. न्यूझीलंड जिंकलं ते एका गुणानं. आणि हीच माणसं सोमवारी फ्रेंचांना भित्रे म्हणणार.

विनोदांत सगळ्यात पुढे आमचे साताऱ्याचे गृहस्थ. देखभाल विभागात होते, पन्नाशीचे, भरघोस मिशांचे. मिशांसाठी त्यांना वेगळी जाळी लावावी लागे, म्हणजे डोक्याला एक आणि तोंडाला एक. इतिहास हा त्यांचा प्राण. दहाच्या चहाच्या सुट्टीत ते टेबलावर मीठदाण्या आणि सॉसच्या बाटल्या मांडून लढाया समजावून सांगायचे. फ्रेंच बाईही बसायची ऐकत.

"पण दुसऱ्या महायुद्धात तुमचा देश पडला ना काही आठवड्यांत?" एकदा त्यांनी विचारलं.

"पडला," ती म्हणाली. "आणि तुमचे राजे? परवा सांगत होतात, तेवीस किल्ले देऊन तह केला, मग कैदेतून पेटाऱ्यात बसून निसटले."

"तो गनिमी कावा!"

"अच्छा. तुम्ही निसटलात की कावा आणि आम्ही निसटलो की पळ. आमच्यासाठीही एखादा चांगला शब्द शोधा की."

मी चहा नाकातून बाहेर येऊ दिला नाही, एवढंच. साताऱ्याचे मला मराठीत म्हणाले, "ताई, तुम्ही हसू नका. बाईला संदर्भ माहीत नाही."

"तुम्हाला तिचा माहीत आहे का?" मी विचारलं.

टेबलाच्या टोकाला फोर्कलिफ्ट चालवणारी माओरी बाई बसलेली असायची, फारसं न बोलणारी. ती त्या दिवशी म्हणाली, "माझ्या आजोबांचा भाऊ उत्तर फ्रान्समध्ये पुरलाय. तिथे तो काय एकटाच लढत होता?" मग तिनं सँडविच संपवलं. वायकाटोत, म्हणजे आमच्या भागात, कुठल्याही गावात जा, चौकातल्या दगडावर पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये मेलेल्या पोरांची नावं असतात. त्यांच्या बाजूला फ्रेंच पोरं कितीतरी जास्त मेली, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. कुणाचे विनोद थांबले नाहीत, पण निदान टेबलावरचा टिशू गेला.

चाचणीचा शेवटचा आठवडा आला आणि त्यातच खंडेनवमी.

साताऱ्याच्या गृहस्थांना ती चुकवणं शक्यच नव्हतं. शस्त्रं नाहीत तर अवजारं. त्यांनी आधी माझ्याकडे येऊन रीतसर विचारलं. मी सांगितलं, "वर्कशॉपमध्ये करा. पाने, हातोड्या, ड्रिल, काय पुजायचं ते पुजा. हळदकुंकू वाहा, फुलं वाहा. नारळ नको, तो ॲलर्जीच्या यादीत आहे. आणि धूर अजिबात नको."

"ताई, धुराशिवाय पूजा म्हणजे..."

"म्हणजे पूजाच. देव समजून घेतील. मी घेणार नाही."

त्यांनी नारळाचं ऐकलं. धुराबाबत मात्र वर्कशॉपच्या छतावर नजर टाकली, तिथे धुराचा सेन्सर नाही हे पाहिलं, आणि आपल्या पातळीवर निर्णय घेतला. घरून आणलेल्या धुपाटण्यात निखारा पेटवून वर चिमूटभर नव्हे, चांगला मूठभर धूप टाकला. वर्कशॉपचा पंखा हवा बाहेर फेकतो अशी त्यांची समजूत होती. तो ती शेजारच्या स्विचबोर्डाच्या खोलीत फेकत होता, आणि तिथे सेन्सर होता.

सकाळी अकराच्या सुमाराला भोंगे सुरू झाले.

आमच्याकडे अलार्म वाजला की बाहेर पडायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. प्रत्यक्षात कोण आवरत बसे, कोण कप विसळी. त्या दिवशी फ्रेंच बाईनं लाइन बंद केली, फायर वॉर्डनचं पिवळं जाकीट चढवलं आणि दोन मिनिटांत सगळ्यांना दाराबाहेर काढलं. एकाला तर दंडाला धरून. पांढरे गमबूट आणि डोक्याला जाळ्या अशी वरात गाडीतळावर पावसात उभी राहिली. तिनं डोकी मोजली. पुन्हा मोजली. मग दाराशी जाऊन उभी राहिली.

साताऱ्याचे कपाळावर हे एवढं कुंकू घेऊन आले आणि लगेच कबूल झाले. "माझा धूप आहे. आग नाहीये. मी जाऊन विझवतो आणि अलार्म बंद करतो, पाच मिनिटांचं काम."

"कोणी आत जायचं नाही," ती म्हणाली.

"अहो, मीच तर लावलाय!"

"अग्निशामक दल येऊन सांगेल, मग जा."

मागून कुणीतरी म्हणालं, "फ्रान्सनं आता उदबत्तीपुढेही शरणागती पत्करली." भरपूर हशा झाला. मीसुद्धा हसले, विनोद बरा होता.

तेवढ्यात मॅनेजर आला. वाईट माणूस नव्हता. ताशी ठरलेली पाकिटं भरली की त्याच्यासाठी सगळं 'स्वीट ॲज', म्हणजे झकास. पण आत पट्ट्यावर किसलेलं चीज गरम होत होतं आणि माल न्यायला ट्रक येऊन थांबला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "धूपच आहे ना? चला, सगळे आत."

ती दारातून हलली नाही. "नाही."

"मी सांगतोय."

"ऐकलं मी. या दारातून माणसं आत सोडायची की नाही, हे काम तू मला दिलंयस. अजून कुणी तपासलेलं नाही. नाही."

हसणं थांबलं. शुक्रवारी तिच्या चाचणीचा निकाल होता आणि तो याच माणसाच्या हातात होता, हे गाडीतळावर उभ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिला तर होतंच. ती जाकिटाची चेन उगीच वरखाली करत होती. मॅनेजर माझ्याकडे वळला. "तू सांग हिला. चीज तुझं आहे."

"चीज मी फेकून देईन," मी म्हणाले. "जाकीट तिच्या अंगावर आहे."

तो पावसात उभा राहिला. सगळेच राहिलो. अग्निशामक दलाची गाडी आली, हेल्मेटवाले आत गेले, स्विचबोर्डाची खोली हातानं चाचपून तपासली आणि साताऱ्याच्यांचं धुपाटणं चिमट्यात धरून बाहेर घेऊन आले. पेढ्यांसकट ठेवलेलं ताटही आणलं. आग नव्हती. कुठेही काही जळालं नव्हतं. म्हणजे सगळं त्या गृहस्थांनी सांगितलं तसंच होतं, आणि मॅनेजरच्या मते त्यातच सगळं आलं.

चीज डुकरांकडे गेलं.

शुक्रवारी सकाळी त्यानं मला बोलावलं. दार लावून घेतलं. "मला तारतम्य असलेलं माणूस हवंय. तो सांगत होता ना धूप आहे म्हणून! आणि माझ्याच कारखान्यात मला दाराबाहेर उभं केलं, माझ्याच लोकांसमोर."

"तो असंही समजून चालला होता की धूर बाहेर जातो," मी म्हणाले. "ज्याच्या अंदाजामुळे भोंगा वाजला, त्याच्याच अंदाजावर तू तीस माणसं आत पाठवणार होतास. तिनं नाही पाठवली. तारतम्य म्हणजे आणखी काय असतं?"

त्यानं पेन उघडलं, बंद केलं. मग म्हणाला, "सकाळी तुझा तो मिशीवाला आला होता. त्याला मी ताकीद द्यायला बोलावलं, तर त्यानं मला कुठल्याशा राजाची गोष्ट सांगितली. राजा रात्री आपल्याच किल्ल्यावर येतो आणि पहारेकरी म्हणतो, उजाडल्याशिवाय दार उघडायचं नाही असा हुकूम आहे, हुकूम तुमचाच आहे, थांबा खाली. तुला माहीत आहे ही गोष्ट?"

"आमच्याकडे शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असते."

"मग राजानं काय केलं त्याचं? काढून टाकलं?"

"नाही. बक्षीस दिलं."

"हं," तो म्हणाला. "मिशीवाला म्हणत होता, परवा मला सोडलं असतं तर मी आत गेलोच असतो, म्हणून दाराशी तीच हवी. आणि तिच्याविषयी काही ठरवायचं असेल तर माझी चूक तिच्या नावावर धरू नकोस, म्हणे. मी धरणारच नव्हतो." तो खिडकीतून बाहेर पाहत राहिला. "तिनं निदान मला छत्री तरी द्यायला हवी होती."

मी उठले. आणखी बोलले असते तर बिघडलं असतं.

दुपारी त्यानं तिला बोलावलं. प्रयोगशाळेच्या खिडकीतून ऑफिसचं दार दिसतं. साताऱ्याचे काहीतरी दुरुस्तीचं निमित्त काढून माझ्याकडे आले होते आणि एक चांगला चालणारा नळ खोलून बसले होते. फोर्कलिफ्टवालीही माल रचायचे रिकामे पॅलेट मागायला आली. पॅलेट प्रयोगशाळेत कधीच नसतात.

ती बाहेर आली ती सरळ गाडीतळावर गेली आणि फोन कानाला लावला. आम्हा तिघांपैकी कुणाला फ्रेंच येत नव्हतं. ती पाठमोरी होती, एक हात डोक्यावर, जाळी मुठीत. पलीकडून मुलगी बहुधा शाळेतच जोरात किंचाळली असावी, कारण तिनं फोन कानापासून लांब धरला. मग ती गाडीच्या बॉनेटवर टेकली आणि हसत सुटली, खांदे हलत होते.

"झालं," साताऱ्याचे म्हणाले आणि पाना घेऊन नळाकडे वळले.

ती आत आली तेव्हा जाळी नीट लावलेली होती. डोळे पुसले होते की नाही, मी पाहिलं नाही. तिनं आम्हा तिघांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"दोन नंबरच्या लाइनचा नमुना अर्ध्या तासापूर्वी पाठवलाय," ती मला म्हणाली. "तुझा निकाल आल्याशिवाय मी पाकिटं भरणार नाही. आणि हा नळ कुणी खोलून ठेवला?"