माझ्या एकपात्रीतला धोक्याचा भोंगा

पडदा उघडायला पाच मिनिटं होती आणि मी जाम घाबरले होते. पण काय सांगू, मजाही तितकीच येत होती! पंचेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा एकटी स्टेजवर जाणार होते, तेही स्वतः लिहिलेलं बोलायला. कॉलेजात असताना कराडला एकांकिका गाजवल्या होत्या. मग लग्न होऊन बोईसरला आले, नवरा तारापूरच्या कारखान्यात तिन्ही शिफ्टला, आणि माझं नाटक गेलं माळ्यावर.

एकपात्रीतली बाई म्हणजे मीच, थोडा मीठमसाला लावून. नवरा चांगला, मुलगी शिकतेय, घर स्वतःचं. तरी भाकऱ्या थापताना ही बया भिंतीला भाषणं ठोकते. सुखी आहे, तर मग अजून काय हवंय मला, असं स्वतःलाच विचारते. उत्तर मलाही ठाऊक नव्हतं, म्हणून तर लिहिलं.

आमच्या ह्यांची अट होती. "एकदा कर नि मोकळी हो. मग हे खूळ नाय पाहिजे." हे इथलेच, किनाऱ्यावरच्या वाडीतले, बोलणं मोजकं. मी हो म्हटलं, पण मनातून चरफडत होते. कारण पालघरहून एक बाई प्रयोग बघायला येणार होत्या. त्यांना आवडला तर तिथल्या मोठ्या हॉलमध्ये बोलावणार होत्या. मला ते हवं होतं. अगदी हावरटासारखं हवं होतं!

आवाजांचं काम ह्यांच्याकडेच दिलं, दुसरं कोणी मिळेना. मी "सुटली वाटतं शिफ्ट" म्हटलं की मोबाइलवरून कारखान्याचा भोंगा वाजवायचा, बस्स. ह्यांनी नाटक वाचलंही नव्हतं. "भोंगा मी आणतो, खराखुरा," एवढं मात्र उत्साहाने म्हणाले.

सुरुवात काय झकास झाली! बायका पहिल्या मिनिटापासून खिदळत होत्या. मग मी ते वाक्य म्हटलं आणि स्पीकरमधून भोंगा सुटला. वरखाली, वरखाली! अहो, शिफ्टचा भोंगा सरळ एका सुरात वाजतो. वरखाली ओरडतो तो धोक्याचा, गॅस सुटल्याचा. दुसऱ्या गावात लोक हसले असते. इथे, कारखान्यांच्या शेजारी, अख्खा हॉल ताडकन उभा! ड्रिलमध्ये शिकवलेलं सगळ्यांना तोंडपाठ: ओलं फडकं नाकाला आणि वाऱ्याची दिशा बघून पळायचं. कोणी खिडक्या लावायला धावलं, कोणी रुमाल ओला केला. पुढच्या रांगेतल्या एका मावशींनी पाण्याची बाटली पदरावर ओतली, तो नाकाला लावला आणि ओरडल्या, "वारा कुठला हाय रे?"

पालघरच्या बाई पर्स उचलून दाराकडे निघालेल्या दिसल्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाकरीची परात धाडकन आपटून मी स्टेजच्या टोकाशी आले.

"बसा खाली! काही झालेलं नाही. हा भोंगा माझ्या घरात वीस वर्षं वाजतोय. आजवर कोणी उठलं नाही. मीसुद्धा नाही!"

खिडक्या लावणारे होते तिथेच थांबले. मग मागून एक टाळी पडली, आणि त्यानंतर जो गडगडाट झाला, देवा रे! सगळे बसले, पालघरच्या बाईसुद्धा. उरलेला प्रयोग मी नशेत असल्यासारखा केला. ते वाक्य मी लिहिलेलंच नव्हतं. तोंडातून निघालं तेव्हा कळलं की ते खरं आहे. आणि विंगेत उभ्या असलेल्या ह्यांनीही ते ऐकलंय, हेही तेव्हाच कळलं.

पडदा पडला तशा पालघरच्या बाई धावतच आत आल्या. "पुढच्या महिन्यात आमच्याकडे कराल ना?" 'हो' अगदी जिभेवर होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाली मान घालून स्पीकरची वायर गुंडाळत होते. "कळवते," म्हणाले मी. बाई गेल्या आणि मला रडूच कोसळायच्या बेतात आलं.

"भोंगा चुकून नाय लागला," हे वायरकडेच बघत म्हणाले. "शिफ्टचा बारीक वाटला. म्हटलं, तुझं नाटक हाय, मोठ्ठा वाजू दे."

मला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी असताना.

"ते घरातल्या भोंग्याचं पहिल्यापासून लिहिलेलं होतं?" ह्यांनी विचारलं.

"नाही हो. तिथंच सुचलं. राग आला?"

ह्यांनी वायर पिशवीत टाकली. खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं.

"लिहून ठेव. पालघरला विसरशील."