दोन धारांची सुट्टी

नववीच्या वर्गाला मी इंग्रजी शिकवते. मागच्या हिवाळ्यात एके दिवशी विषय होता, ब्रिटनमधले आणि अमेरिकेतले लोक सुट्टीत काय करतात. मला वाटलं, सोपा विषय आहे. डोंबलाचा सोपा! आठवड्याला दोन दिवस सुट्टी असते, एवढं म्हणते न म्हणते तोच मागून प्रश्न आला, "बाई, मग त्ये लोक वैरण कवा आनत्यात?"

अरे, सगळ्यांच्या घरी गुरं नसतात, असं म्हणून मी पुढं सरकले. काही जण समुद्रकिनारी जाऊन अंगाला तेल लावून उन्हात पडून राहतात, हे ऐकल्यावर वर्ग असा खिदळला की शेजारचे गणिताचे सर डोकावून गेले. कुणी मागं लागलेलं नसताना सकाळी उठून पळतात, हे तर कुणाला पटलंच नाही. पण खरा दंगा झाला तो मासे धरण्यावरून. तिकडचे हौशी लोक दिवसभर गळ टाकून बसतात, मासा लागला की त्याचा फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडून देतात, असं मी सांगितलं. एक पोरगा ताडकन उभाच राहिला. "बाई, मग धरला कशाला?" मी घाईघाईनं पुस्तकाचं पान उलटलं.

मग आलं कॅम्पिंग. चांगलं पक्कं घर सोडून लोक रानात तंबू ठोकतात, तीन दगडांवर रांधतात, झऱ्यावर आंघोळ करतात. दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. ती पाथर्डीकडची, आईबाप ऊसतोडीला येतात म्हणून हंगामापुरती आमच्या शाळेत बसते. म्हणाली, "बाई, आमी तर सहा महिने कॅम्पिंगच करतो की! तुमच्या कारखान्याच्या मागं." वर्ग फुटला. सगळ्यात जास्त तीच हसली. मीही हसले आणि हसता हसता मला माझीच लाज वाटली, कारण तिच्या उसाच्या पाचटाच्या कोपीत मी एकदाही गेले नव्हते.

घरचा अभ्यास दिला: घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, तुम्ही शेवटची सुट्टी कधी घेतली, आणि पाच ओळी इंग्रजीत लिहून आणा. तर तीच पोरगी म्हणते, "बाई, तुमीबी इचारून या."

आमचं गाव सोनईपासून हाकेच्या अंतरावर. घरात आम्ही चौघं. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते. सासरे, ते मामा. नवरा साखर कारखान्यात पाळीवर जातो. चौथी मी. गोठ्यात तांबडी गाय आहे. तिला मी घरातलं पाचवं माणूस म्हणत नाही, कारण ती स्वतःला पहिलं समजते.

संध्याकाळी आत्या धार काढून बादली घेऊन आल्या, तेव्हा मी विचारलं, "आत्या, तुम्ही शेवटची सुट्टी कधी घेतली?"

"कसली सुट्टी?"

"म्हणजे काम नाही असा दिवस."

त्यांनी बादली खाली ठेवली, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "दोन येळा घेतली. दोन बाळंतपनं झाली तवा."

एवढं बोलून त्या दूध गाळायला लागल्या. मी मात्र तिथंच उभी. चाळीस वर्षं! दिवसाला दोन धारा, पहाटेची आणि संध्याकाळची. माहेरी जायचं ते दोन धारांच्या मधे. लग्नाला जायचं ते अक्षता टाकून परत. स्वतःच्या मुलीची पाठवणी झाली त्या संध्याकाळीसुद्धा जरीचं लुगडं बदलून ही बाई गोठ्यात बसली होती. मी भडकलेच. माझं डोकं तसं लवकर फिरतं. जेवताना ताटावरच जाहीर केलं, "येत्या शनिवार-रविवारी आत्या सुट्टीवर जाणार. भंडारदऱ्याला. तळ्याकाठी तंबू असतात, तिथं. मी सोबत जाणार."

मामा म्हणाले, "आन् धार?"

अडचण तीच होती. तांबडी आत्यांशिवाय कुणाला दूध देत नाही. वासरू सोडलं की तिला पान्हा फुटतो, पण वासरू बाजूला करून दुसऱ्याचा हात सडाला लागला की बया पान्हा चोरते. मी नवी असताना एकदा हौसेनं बसले होते. तिनं शेपटीनं माझी कानशिलं शेकली. नवऱ्याला तर ती गोठ्यात उभंच करत नाही. आणि धार चुकली की कास दगडासारखी होते, सड सुजतात, जनावर तळमळतं. म्हणजे शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ, या दोन धारा कुणीतरी काढल्या तरच आत्यांना सुट्टी. नाहीतर निम्म्या वाटेवरून परत. आणि एकदा का त्या अशा परत आल्या, की पुन्हा म्हणून उंबरा ओलांडणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"मी काढीन," मामा म्हणाले.

आत्यांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. त्या बघण्यात काय नव्हतं!

शनिवारी पहाटेची धार काढून आम्ही एसटीत बसलो. राहुरी, संगमनेर, अकोले, गाड्या बदलत दुपारी पोचलो. आत्यांनी दोन दिवसांच्या भाकरी बांधून घेतल्या होत्या, वर ठेचा, वर शेंगदाण्याची चटणी. तंबूवाल्यानं आमच्यासाठी पाण्याकडं तोंड करून दोन घडीच्या खुर्च्या मांडल्या. आजूबाजूला पुण्याची, नाशिकची पोरंपोरी अर्ध्या चड्ड्यांत हिंडत होती.

आत्या खुर्चीच्या कडेला टेकल्या, बसमधल्यासारख्या, कधीही उठावं लागेल अशा. "आता काय करायचं?"

"काही नाही. पाण्याकडं बघायचं."

त्यांनी बघितलं. "बघितलं. आता?"

"अजून बघायचं."

"आगं पर किती येळ?"

पाव तास त्या कशाबशा बसल्या. मग उठून तंबूपुढची जागा झाडाच्या फांदीनं झाडून काढली. शेजारच्या पोरांचा तंबू वाकडा ठोकलेला, तो खुंट्या उपटून नीट ठोकून दिला. संध्याकाळच्या बार्बेक्यूसाठी तंबूवाला शेगडी पेटवत होता, त्याला बाजूला सारून म्हणाल्या, "सर तिकडं, नुसता धूर करतोस. हे तर आपलं हुरड्यासारखं हाय." मी कपाळाला हात लावला. बाईला सुट्टी द्यायला आणलं, तर हिनं इथं दुसरा संसार मांडला!

तेवढ्यात पोरं खेळत होती ती प्लास्टिकची तबकडी आमच्या पायाशी येऊन पडली. ती भिरकवायची आणि समोरच्यानं झेलायची, असा तो अमेरिकेकडचा खेळ. मी उचलून टाकली, ती सटकन झुडपात गेली. पोरानं ती परत आणली, तशी आत्यांनी हात पुढं केला. "बगू." पदर खोचला, तबकडी पोटाशी धरली आणि मनगटाला असा काही झटका दिला की ती पाण्याच्या कडेकडेनं सरळ गेली आणि लांबच्या पोरीच्या हातात जाऊन बसली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. "आजी, वन मोर!" पाच मिनिटांत आमच्या आत्या नऊवारीत पळत होत्या. साठी उलटलेली बाई! एक झेल सुटला तर "हात् मेल्या!" म्हणून तबकडीलाच शिवी दिली. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. इतक्या वर्षांत मी त्यांना कामाशिवाय पळताना पाहिलंच नव्हतं.

सहाच्या सुमाराला माझा फोन वाजला. मामा होते. मी खेळापासून लांब गेले.

"लाथ मारली," ते म्हणाले. "बादली पालथी. थेंब न्हाई काढू दिला. शेवटी वासराला सोडलं, त्ये प्यायलं तेवढंच."

"मग आता?"

"सकाळी बगू. तिला सांगू नगं. लगेच पिशवी उचलंल ती."

मी परत आले. आत्या घाम पुसत खुर्चीत बसल्या होत्या आणि या खेपेला चांगल्या मागं रेलून. "मामांचा फोन?" त्यांनी विचारलं. "दिलं का तिनं?"

"दिलं की," मी म्हटलं. आयुष्यात इतकं गुळगुळीत खोटं मी बोलले नव्हते. मग अगदी सहज विचारते असं दाखवून पुढं म्हटलं, "पण आत्या, तुम्ही असं करता तरी काय, की ती तुम्हालाच देते?"

"काय न्हाई. बोलते तिच्यासंगं."

"काय बोलता?"

"बाईमानसाचं बोलनं. तुला कशाला सांगू?" आणि त्या चक्क लाजल्या.

माझ्या माहेरी एक शेजारी बायको आजारी पडली की तिचं लुगडं नेसून म्हैस पिळायचा. सगळी आळी बघायला जमायची. ते आठवलं, तशी मी पुन्हा लांब जाऊन मामांना फोन लावला. "मामा, सकाळी आत्यांचं लुगडं नेसा. धुतलेलं नको, काल अंगावर होतं ते. त्याला वास असतो. आणि बसल्यावर तिच्याशी बोला, आत्यांसारखं."

पलीकडं मामा खाकरले. मग, "सूनबाई, तू मास्तरीन हाईस म्हनून काय बी शिकवशील व्हय?"

"मामा, चाळीस वर्षांत पहिल्यांदा आल्यात त्या."

फोन ठेवला गेला.

रविवारी सकाळी नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा आत्या चहा घेत होत्या. व्हिडिओपुरती रेंज फक्त एका खडकावर यायची, म्हणून मी धावत तिथं चढले. फोनवर आधी नुसती दावण हलताना दिसली, कारण धरणारा हसत होता. मग गोठ्याच्या दारातून आमचे मामा आले. हिरवं लुगडं धोतरासारखं गुंडाळलेलं, डोक्यावरून पदर आणि पदराचं टोक मिशांवर दातात धरलेलं. सुनेनं बघू नये असं ते दृश्य होतं, आणि मी डोळे फाडून बघत होते.

तांबडीनं मान वळवून लुगडं हुंगलं. वर बघितलं. पुन्हा हुंगलं. मामा उकिडवे बसले, सडाला हात लावला. मागचा पाय उचलला गेला. नवऱ्याचं हसणं थांबलं. आणि पदराआडून बारीक, चिरका आवाज आला.

"काय सांगू बाई तुला... ह्या बाबाला च्यात साखर कमी पडली तर लगीच कळतं, आन् मी हाक मारली की बहिरा हुतो."

पाय हळूच खाली आला. बादलीत चर्र झालं.

"माजी कंबर धरली, तर म्हनतो मला गुडघा. मला ताप, तर ह्येला खोकला. पुढं पळतो माज्या."

चर्र, चर्र, चर्र. धार लागली! मी तोंडात ओढणी कोंबली.

"आन् हळदीच्या अंगानं म्हनला हुता, तुला समुद्र दावीन. चाळीस वर्सं झाली गं. गावचं तळंबी दावलं न्हाई."

माझ्या खांद्यावरून एक हात आला आणि त्यानं फोन काढून घेतला. आत्या कधी खडकावर चढल्या, मला कळलंच नाही. आधी त्यांनी ते हिरवं ध्यान बघितलं आणि अशा हसल्या, की खाली तंबूतली पोरं बाहेर आली. हसता हसता त्या खडकावरच बसल्या. मग एकदम हसणं थांबवून फोन डोळ्यांजवळ नेला. म्हटलं, गेली सुट्टी. तांबडी दुसऱ्याच्या हाताला लागली, हे या बाईला लागलं. किंवा मनातलं सगळं चव्हाट्यावर आलं, ते लागलं.

"अहो," त्या म्हणाल्या.

मामा लुगड्यासकट दचकून उभे राहिले. पदर सुटला, मिशा उघड्या पडल्या.

"तुमाला हे सगळं ऐकू येत हुतं?"

मामांनी खाली बघितलं. "गोठ्याच्या आन् माज्या खाटंच्या मधी नुसता पत्रा हाय. येनारच की."

"रोज?"

"रोज."

"समुद्राचंबी?"

"व्हय," मामा म्हणाले. आवाज आता त्यांचा स्वतःचा होता, आणि जरा बसलेला.

आत्यांनी पदरानं डोळे पुसले. हसण्यानं आलेलं पाणी होतं की दुसरं कसलं, मी विचारलं नाही. मग माझ्याकडं वळल्या. "का गं, हितनं समुद्र किती लांब हाय?"

"घाट उतरून... असेल चार-पाच तास," मी चाचरत म्हटलं.

त्यांनी फोन तोंडाजवळ धरला, मामांना नीट ऐकू जावं म्हणून.

"लुगडं धुऊ नगा, वास जाईल. मी मंगळवारी येते."